एका विशेषणाची भाषांतरे : ‘क्लासिकल’, ‘अभिजात’ आणि भाषेची साक्ष

१

केंद्रीय मंत्रिमंडळाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठी, बंगाली, असमिया, पाली आणि प्राकृत या पाच भाषांना अभिजात भाषेचा दर्जा देण्यास मान्यता दिली. त्यापूर्वी तमिळ (२००४), संस्कृत (२००५), कन्नड व तेलुगू (२००८), मल्याळम (२०१३) आणि ओडिया (२०१४) या भाषांना हा दर्जा मिळालेला होता. अशा रीतीने वीस वर्षांत अकरा भारतीय भाषांमागे ‘क्लासिकल’ हे एकच इंग्रजी विशेषण अधिकृतपणे लावले गेले.

शासकीय इंग्रजीत हे विशेषण एकच असले, तरी ज्या भाषांना ते लावले गेले त्या भाषांत त्याची भाषांतरे मात्र एक नाहीत. मराठीत आपण ‘अभिजात’ म्हणतो. कन्नड, हिंदी आणि ओडिया भाषांत ‘शास्त्रीय’ हा शब्द रूढ झाला. तमिळने ‘सेम्मोळी’ असा स्वतःचा सामासिक शब्द वापरला. तेलुगूत ‘प्राचीन’, मल्याळममध्ये ‘श्रेष्ठ’, तर बंगाली व असमियात ‘ध्रुपदी’ हा शब्द प्रचारात आला. बंगळूरसारख्या नगरात, जेथे एकाच रस्त्यावर कन्नड, तमिळ, तेलुगू, मल्याळम आणि मराठी कानी पडतात, तेथे ही शब्दभिन्नता सहज लक्षात येते. एकाच सन्मानासाठी एक भाषा जन्माचा दाखला देते, दुसरी शास्त्राचा, तिसरी वयाचा आणि चौथी गुणवत्तेचा.

प्रस्तुत निबंधाचा हेतू या विशेषणाचा इतिहास तपासणे आणि त्याच्या मराठी भाषांतराने आपल्या वाङ्मयीन विचाराला कोणते वळण दिले हे पाहणे, असा दुहेरी आहे. व्युत्पत्ती म्हणजे अर्थ नव्हे, हे भाषाविज्ञानाच्या प्रत्येक विद्यार्थ्यास ठाऊक असते. शब्द मुळात काय होता यावरून तो आज काय आहे हे ठरत नाही. तथापि, एखाद्या शब्दाचे भाषांतर करताना त्याच्या अनेक अर्थांपैकी एकाची निवड करावीच लागते, आणि त्या निवडीचे परिणाम पुढील चर्चेवर होतात. ‘क्लासिकल’च्या बाबतीत ही निवड मराठीने कशी केली, आणि तीत कोणता अर्थ मागे राहिला, हा येथे मुख्य प्रश्न आहे. मागे राहिलेला अर्थ साक्षीचा होता, आणि मराठीच्या प्रारंभकाळाच्या अभ्यासास तोच अधिक उपयोगी पडणारा आहे, असे या निबंधाचे प्रतिपादन आहे.

२

इंग्रजीतील ‘क्लासिक’ आणि ‘क्लासिकल’ ही दोन्ही विशेषणे लॅटिन ‘क्लासिकुस’ या शब्दापर्यंत जातात. त्याच्या मुळाशी ‘क्लासिस’ हे नाम आहे. रोमन परंपरेनुसार सेर्विउस तुल्लिउस या राजाने नागरिकांची मालमत्तेच्या आधारे गणना करून त्यांचे वर्ग पाडले. हे वर्ग म्हणजे ‘क्लासिस’. कर, सैन्यातील जागा आणि मतदानाचा क्रम या सर्व गोष्टी या वर्गांवर अवलंबून असत.

इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील आउलुस गेल्लिउस या लेखकाने आपल्या ‘नोक्तेस आत्तिके’ या संकीर्ण ग्रंथात या शब्दाचा खुलासा केला आहे. त्याच्या मते ‘क्लासिकुस’ हा शब्द सर्व वर्गांतील नागरिकांना लागू होत नसे. ज्यांची मालमत्ता एक लाख पंचवीस हजार ‘आस’ किंवा अधिक होती, त्या पहिल्या वर्गातील लोकांनाच तो लावला जाई. उरलेले सर्व ‘वर्गाखालचे’ मानले जात. सर्वांत तळाशी ‘प्रोलेतारिउस’ असत. राज्याला देण्यासारखे ज्यांच्याजवळ अपत्यांखेरीज काहीही नाही, ते प्रोलेतारिउस.

याच ग्रंथात हे विशेषण लेखकाला लावल्याचा प्रसंग आलेला आहे. त्या प्रसंगातील चर्चा महाकाव्याच्या थोरवीची नसून व्याकरणाची आहे. वाळूसाठी असलेला लॅटिन शब्द अनेकवचनी वापरावा काय, आणि चार घोड्यांच्या रथासाठी असलेला शब्द एकवचनी चालेल काय, असा वाद चालू आहे. ज्यूलियस सीझरने आपल्या भाषाविषयक ग्रंथात याविषयी नियम सांगितलेला आहे. फ्रोंतो हा वक्ता शेवटी श्रोत्यांना सांगतो की, सवड मिळाल्यावर जुन्या वक्त्यांपैकी वा कवींपैकी कोणी अशी रूपे वापरली आहेत काय ते शोधा. मात्र तो लेखक ‘क्लासिकुस’ असावा, ‘प्रोलेतारिउस’ नसावा, अशी अट तो घालतो.

‘क्लासिकल’ या विशेषणाचा साहित्यातील इतिहास या वाक्यापासून सुरू होतो, असे सामान्यतः मानले जाते. त्यात दोन गोष्टी एकत्र आल्या आहेत. पहिली वर्गाची. करदात्या धनिकाचे नाव चांगल्या लेखकाला आणि निर्धनाचे नाव हिणकस लेखकाला दिले गेले. दुसरी गोष्ट साक्षीची. फ्रोंतोला त्या लेखकाचे वाङ्मयीन सौंदर्य नको होते, त्याचे प्रामाण्य हवे होते. शब्दाचे एखादे रूप भाषेत खरोखर होते की नव्हते, याविषयी ज्याचे सांगणे मान्य करता येईल असा साक्षीदार तो शोधत होता. रोमन व्यवहारात ‘क्लासिकुस’ आणि साक्ष यांचा संबंध अन्यत्रही आढळतो. मृत्युपत्रावर मोहोर उमटविण्यासाठी बोलावल्या जाणाऱ्या साक्षीदारांना हेच विशेषण लावले जाई, अशी नोंद फेस्तुसच्या कोशाच्या संक्षेपात आहे. ऐपतीच्या माणसाची साक्ष अधिक ग्राह्य मानणारा तो समाज होता. त्याचा हा पूर्वग्रह आपण स्वीकारण्याचे कारण नाही. परंतु भाषेच्या प्रश्नात साक्षीदार हवा, ही फ्रोंतोची मागणी शास्त्रशुद्ध होती.

३

मध्ययुगात हा शब्द फारसा वापरात नव्हता. प्रबोधनकाळातील विद्वानांनी तो पुन्हा उचलला. येथे एक गोष्ट तौलनिक साहित्याच्या अभ्यासकांनी लक्षात घ्यावयास हवी. फ्रेंच भाषेत तोमा सेबिये याने १५४८ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या काव्यशास्त्रावरील ग्रंथात हे विशेषण वापरले, ते जुन्या फ्रेंच कवींना उद्देशून. म्हणजे युरोपच्या आधुनिक भाषांत हा शब्द आला तेव्हा तो ग्रीक व लॅटिन यांपुरता मर्यादित नव्हता. आपल्या देशभाषेतील ज्या कवींपासून शिकावे, ते कवी असा त्याचा अर्थ होता.

इंग्रजीत सोळाव्या शतकाच्या अखेरीस ‘क्लासिकल’ आले ते प्रथम ‘पहिल्या प्रतीचे’ या अर्थाने. लॅटिन शाळांत ग्रीक व रोमन लेखकच शिकविले जात. ‘क्लास’ या शब्दाला शाळेतील वर्ग हा अर्थही होताच. त्यामुळे वर्गात वाचावयाचे लेखक आणि पहिल्या वर्गाचे लेखक हे दोन अर्थ एकमेकांत मिसळले, आणि हळूहळू ‘क्लासिकल’ म्हणजे ग्रीक-रोमन असे समीकरण झाले. एकोणिसाव्या शतकात त्याला ‘रोमँटिक’ हे प्रतियोगी विशेषण मिळाले आणि संयम, प्रमाणबद्धता, पूर्णता हे अर्थ त्याला चिकटले. सँत बव्ह याने १८५० साली क्लासिक म्हणजे काय असा प्रश्न विचारला, तेव्हा त्याने गेल्लिउसच्या उताऱ्याचे स्मरण केले होते. टी. एस. एलियट यांनी १९४४ साली लंडनच्या व्हर्जिल सोसायटीपुढे तोच प्रश्न पुन्हा मांडला आणि ‘परिपक्वता’ या शब्दाभोवती उत्तराची गुंफण केली. एलियटांच्या विवेचनात मन, रीतिरिवाज आणि भाषा या तिन्हींची परिपक्वता अभिप्रेत आहे. वयाची मोजणी त्यात नाही.

हिंदुस्थानात हे विशेषण आले ते या सर्व अर्थांचे ओझे घेऊन. सर विल्यम जोन्स यांनी १७८६ साली संस्कृतचे ग्रीक व लॅटिनशी नाते सांगितल्यानंतर संस्कृत ही ‘क्लासिकल’ ठरणे ओघानेच आले. फार्सी आणि अरबी यांनाही वसाहतकालीन शिक्षणव्यवहारात हेच विशेषण लागले. उरलेल्या सर्व भाषांना ‘व्हर्नाक्युलर’ म्हटले गेले. या दुसऱ्या विशेषणाचे मूळ लॅटिन ‘वेर्ना’ या शब्दात आहे. वेर्ना म्हणजे धन्याच्या घरी जन्मलेला गुलाम. त्यावरून ‘घरचे’, ‘देशी’ असा अर्थ निघाला, आणि इंग्रजी बोलणाऱ्याच्या मनात गुलामाची प्रतिमा उरली नव्हती हे खरे. तरीही ही जोडी विलक्षण आहे. एका बाजूला पहिल्या वर्गाचा करदाता आणि दुसऱ्या बाजूला घरी जन्मलेला दास, अशा दोन रोमन सामाजिक संज्ञांनी एकोणिसाव्या शतकातील भारतीय भाषांची विभागणी केली. १८७८ च्या वृत्तपत्रविषयक कायद्याच्या नावातच ‘व्हर्नाक्युलर’ हा शब्द होता.

या विभागणीचे परिणाम मराठीने प्रत्यक्ष अनुभवले. मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ ची. काही वर्षांतच तेथील उच्च परीक्षांतून देशी भाषांना वगळण्यात आले आणि ‘क्लासिकल’ भाषांना स्थान राहिले. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी देशी भाषांच्या पुनःप्रवेशासाठी आपल्या आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत नेटाने प्रयत्न केले. मराठी वाङ्मयाच्या वाढीविषयी त्यांनी १८९८ साली लिहिलेल्या टिपणाला ही पार्श्वभूमी आहे. २०२४ च्या घोषणेचे मराठी समाजाने जे स्वागत केले, त्यामागे हा जुना अपमान नकळत उभा असावा. ज्या विशेषणाने एकेकाळी मराठीला दाराबाहेर ठेवले, तेच विशेषण आता तिला मिळाले होते.

४

‘अभिजात’ हा शब्द मराठीने संस्कृतातून घेतला. ‘अभि’ या उपसर्गासह ‘जन्’ धातूपासून तो सिद्ध होतो. चांगल्या कुळात जन्मलेला, कुलीन, आणि त्यावरून सुसंस्कृत, सुंदर असे त्याचे अर्थ कोशांत मिळतात. भगवद्गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी व आसुरी संपत्तीच्या विवेचनात हा शब्द ‘घेऊन जन्मलेला’ या अर्थाने आला आहे.

संस्कृत काव्यशास्त्रात मात्र या शब्दकुळाचा एक वेगळा आणि महत्त्वाचा उपयोग आहे. काश्मीरच्या राजानक कुंतकाने आपल्या ‘वक्रोक्तिजीवित’ या ग्रंथात काव्यमार्गांचे गुण सांगताना माधुर्य, प्रसाद, लावण्य आणि आभिजात्य असे चार गुण मोजले आहेत. सुकुमार मार्गातील आभिजात्य म्हणजे कानाला कोमल वाटणारी, मनाला जणू मृदू स्पर्श करणारी, स्वभावतःच तुकतुकीत अशी रचनेची कांती. कुंतकाचे आभिजात्य कवीच्या कुळाचे नाही, भाषेच्या वयाचेही नाही. ते रचनेत आहे आणि वाचकाच्या अनुभवाने पारखता येते. मराठी समीक्षेने ‘अभिजात’ हा शब्द ‘क्लासिकल’साठी योजला, तेव्हा त्यास कुंतकाच्या या संज्ञेचा आधार घेता आला असता. प्रत्यक्षात तो शब्द ‘अभिजातवाद’ या रूपाने पाश्चात्य वादविवादाच्या अनुषंगाने स्थिर झाला आणि सौंदर्यवाद वा स्वच्छंदतावाद यांच्या विरुद्ध पारड्यात बसला.

मराठीने ‘शास्त्रीय’ का निवडला नाही, याचे उत्तर व्यवहारात आहे. मराठीत ‘शास्त्र’ या शब्दाला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र यांसारख्या आधुनिक विद्यांचा अर्थ दृढपणे चिकटला आहे. ‘शास्त्रीय दृष्टिकोन’ म्हणजे विज्ञाननिष्ठ दृष्टिकोन. त्यामुळे ‘शास्त्रीय भाषा’ म्हटल्यास मराठी वाचकाला विज्ञानाची परिभाषा आठवेल. संगीताच्या बाबतीत मात्र आपण ‘शास्त्रीय संगीत’ निःशंकपणे म्हणतो, कारण तेथे रागतालाचे शास्त्र डोळ्यांपुढे असते. बंगाली व असमिया भाषांनी तर ध्रुपद गायकीवरून बनलेले विशेषण भाषेलाच लावले. म्हणजे भारतीय भाषांत ‘क्लासिकल’चा अर्थ घडविण्यात संगीताचाही वाटा आहे.

कन्नडमध्ये ‘अभिजात’ हा शब्द अपरिचित नाही, वाङ्मयचर्चेत तो आढळतो. तरीही दर्जाच्या संदर्भात ‘शास्त्रीय’ हाच शब्द रूढ झाला. या शब्दाला साजेसा पुरावाही कन्नडजवळ आहे. राष्ट्रकूट नृपतुंग अमोघवर्षाच्या दरबारात नवव्या शतकात सिद्ध झालेला ‘कविराजमार्ग’ हा कन्नडमधील उपलब्ध ग्रंथांपैकी सर्वांत जुना, आणि तो काव्य नसून काव्यशास्त्राचा ग्रंथ आहे. तमिळच्या ‘सेम्मोळी’तील ‘सेम्’ हे ‘सेम्मै’ या गुणवाचकाशी निगडित असून त्यात सरळपणा, नेटकेपणा, उत्तमता हे अर्थ आहेत. ‘तोल्काप्पियम्’पासून चालत आलेल्या ‘सेंतमिळ’ या संकल्पनेचा तो वारसा आहे. तमिळ विद्वानांनी ‘क्लासिकल’ दर्जाची मागणी फार आधी केली. परितिमार्कलैञर या नावाने ओळखले जाणारे व्ही. जी. सूर्यनारायण शास्त्री (१८७०–१९०३) यांचे नाव या संदर्भात घेतले जाते. जॉर्ज हार्ट यांनी २००० साली तमिळच्या बाजूने लिहिलेले पत्रही प्रसिद्ध आहे.

या तुलनेवरून असे दिसते की, प्रत्येक भाषेने या इंग्रजी विशेषणाच्या जागी स्वतःच्या परंपरेतील एक मूल्य ठेवले. मराठीने ठेवलेले मूल्य जन्माचे होते.

५

२००४ साली केंद्र सरकारने जे निकष ठरविले, त्यांत एक हजार वर्षांहून अधिक काळाचा इतिहास, पिढ्यान्‌पिढ्या वारसा मानला गेलेला प्राचीन साहित्यसंग्रह आणि दुसऱ्या भाषासमाजाकडून उसनी न घेतलेली स्वतंत्र वाङ्मयपरंपरा यांचा समावेश होता. पुढील वर्षी प्राचीनतेची मर्यादा पंधराशे ते दोन हजार वर्षे करण्यात आली. प्राचीन रूप आणि आधुनिक रूप यांत खंड असू शकतो, हेही मान्य झाले. २०२४ साली झालेल्या फेरविचारात ‘उसनी न घेतलेली परंपरा’ ही अट गळाली. तिच्या जागी ज्ञानग्रंथ, विशेषतः पद्याबरोबर गद्य, आणि शिलालेखादी कोरीव पुरावा यांचा उल्लेख आला.

प्राचीनतेचा आग्रह निकषांतच होता. त्यामुळे वयाची चर्चा केवळ मराठीने केली, असे म्हणणे अन्यायाचे होईल. कन्नडमध्ये हल्मिडी शिलालेखाचा काळ, तमिळमध्ये संगमवाङ्मयाचा काळ यांवर अशीच चर्चा झाली. परंतु मराठीत या चर्चेला वंशावळीचे रूप आले. महाराष्ट्र शासनाने २०१२ साली रंगनाथ पठारे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने २०१३ साली आपला अहवाल पूर्ण केला. नाणेघाटातील सातवाहनकालीन लेख, हाल सातवाहनाच्या नावावरील ‘गाथासप्तशती’, महाराष्ट्री प्राकृत, अपभ्रंश आणि मराठी या एकाच भाषेच्या अवस्था होत, असे त्या मांडणीचे सूत्र होते. भाषिक सातत्याचे हे प्रतिपादन विचारार्ह आहे. परंतु सार्वजनिक चर्चेत ते ‘मराठीची आई कोण’, ‘मराठी संस्कृतची कन्या की प्राकृतची’ अशा कौटुंबिक प्रश्नांत उतरले. ‘अभिजात’ या शब्दाने त्या प्रश्नांना अनुकूल भूमी दिली. कुलीन म्हणावयाचे तर कूळ सांगावे लागते.

३ ऑक्टोबर २०२४ च्या निर्णयाने या वंशावळीपुढे एक नवा पेच उभा केला. त्याच दिवशी प्राकृतलाही स्वतंत्र दर्जा मिळाला. मराठी आणि महाराष्ट्री प्राकृत एकच, असे म्हणावे तर दोन दर्जांचे कारण काय? वेगळ्या म्हणाव्यात तर मराठीच्या दोन हजार वर्षांचा हिशेब कसा मांडावा? शासकीय निर्णयाने असे प्रश्न सुटत नसतात. ते अभ्यासकांकडे परत येतात.

दुसरा पेच सामाजिक आहे आणि तो अधिक खोल आहे. मराठी वैचारिक व्यवहारात ‘अभिजन’ आणि ‘बहुजन’ हा विरोध सुपरिचित आहे. ‘अभिजात’ हा शब्द कानावर पडताच ‘अभिजन’ जवळ येतो. मराठीच्या प्रारंभीच्या वाङ्मयाकडे पाहिले तर ते कुलीनतेच्या कसोटीला न जुमानणारे आहे. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातील म्हाइंभटांचे ‘लीळाचरित्र’ चक्रधरांच्या बोलण्याची बारीकसारीक नोंद ठेवते आणि महानुभाव पंथ संस्कृतऐवजी मराठीचा आग्रह धरतो. चोखामेळा आणि जनाबाई यांची वाणी रोमन अर्थाने ‘वर्गाखालची’च म्हणावी लागेल. ‘गाथासप्तशती’तही शेतकरी, गृहिणी, वाटसरू यांचे जग आहे. गेल्लिउसच्या फ्रोंतोने प्रोलेतारिउस लेखकाची साक्ष नाकारली असती. मराठीच्या इतिहासात मात्र नेमकी तीच साक्ष सर्वांत मोलाची आहे. तेव्हा ‘अभिजात’ या शब्दातील कुलीनतेचा अर्थ मराठीला लावताना आपण तिच्या स्वभावाविरुद्ध तर जात नाही ना, हा प्रश्न टाळता येणार नाही.

६

जन्माऐवजी साक्षीचा अर्थ हाती घेतला, तर मराठीच्या प्रारंभकाळाचे चित्र वेगळे दिसते. या काळातील मराठीचे काही महत्त्वाचे साक्षीदार आज मराठी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रदेशाबाहेर उभे आहेत.

उद्योतनसूरीने राजस्थानातील जालोर येथे आठव्या शतकाच्या अखेरीस, शके ७०० च्या सुमारास, ‘कुवलयमाला’ ही प्राकृत कथा रचली. त्यातील एका बाजारवर्णनात निरनिराळ्या देशांच्या व्यापाऱ्यांची रूपे आणि त्यांच्या बोलण्याच्या लकबी दिल्या आहेत. त्यांत मरहट्ट व्यापारीही आहेत. परभाषक लेखकाच्या कानाला जे वेगळे वाटले तेवढेच त्याने टिपले. म्हणूनच ती साक्ष विश्वसनीय आहे. त्याला मराठीचे कूळ सिद्ध करावयाचे नव्हते.

दुसरा साक्षीदार बंगळूरपासून सुमारे दीडशे किलोमीटरवर आहे. श्रवणबेळगोळ येथील गोमटेश्वराची प्रचंड मूर्ती गंग राजाचा मंत्री चावुंडराय याने दहाव्या शतकाच्या अखेरीस घडविली. मूर्तीच्या पायाशी, ती चावुंडरायाने करविली अशा आशयाची ओळ तीन भाषांत कोरलेली आहे : कन्नड, तमिळ आणि मराठी. मराठीतील ओळ नागरी लिपीत आहे. पुढे होयसळ विष्णुवर्धनाचा सेनापती गंगराज याने मूर्तीभोवतीचे आवार बांधले, त्याचीही नोंद कन्नड व मराठीत केली गेली. या मराठी ओळी नेमक्या कोणत्या वर्षीच्या, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. पूर्वी त्या ९८३ च्या आणि म्हणून मराठीतील सर्वांत जुन्या मानल्या जात. शं. गो. तुळपुळे यांनी रायगड जिल्ह्यातील अक्षीच्या लेखाचे शके ९३४, म्हणजे इ. स. १०१२, असे वाचन मांडून तो अग्रमान अक्षीला दिला. त्या वाचनावरही पुढे आक्षेप घेतले गेले.

अग्रमान कोणाचा हा वाद चालू राहील. परंतु श्रवणबेळगोळच्या लेखातून जे निर्विवादपणे कळते, ते अग्रमानाहून महत्त्वाचे आहे. कन्नड प्रदेशातील एका जैन तीर्थक्षेत्री, यात्रेकरूंना वाचता यावे म्हणून ज्या भाषा निवडल्या गेल्या त्यांत मराठी होती. म्हणजे मराठी वाचणारा आणि स्वतःची भाषा कन्नड व तमिळहून वेगळी म्हणून ओळखणारा समाज तेथे येत होता. गंगराजाच्या मराठी ओळीत आवारासाठी आलेला शब्द ‘सुत्ताले’ असा आहे. कन्नड ओळीत त्या जागी ‘सुत्तालय’ हा शब्द आहे. ‘सुत्तु’ म्हणजे भोवती, वेढा, हा कन्नड शब्द. मराठीच्या अगदी प्रारंभीच्या कोरीव वाक्यांपैकी एकात मराठी क्रियापदाशेजारी कन्नड शब्द निःसंकोचपणे बसला आहे. २००४ च्या निकषांतील ‘उसनी न घेतलेली’ ही अट या एका शब्दापुढे टिकत नाही. २०२४ साली ती वगळली गेली, हे भाषेच्या वस्तुस्थितीला धरूनच झाले.

‘कविराजमार्गा’त कन्नड देशाचा विस्तार कावेरीपासून गोदावरीपर्यंत सांगितलेला आहे. गोदावरीच्या ज्या तीरावर पुढे महानुभाव आणि वारकरी वाङ्मय बहरले, तेथवर नवव्या शतकात कन्नडचा वाङ्मयीन दावा पोहोचला होता. सतराव्या शतकात हा प्रवाह उलट दिशेने वाहिला. शहाजीराजांच्या बंगळूर येथील आश्रयाने जयराम पिंड्ये याने ‘राधामाधवविलासचंपू’ रचला. वि. का. राजवाडे यांनी तो १९२२ साली प्रसिद्ध केला. जयराम बारा भाषा जाणणारा कवी म्हणून ख्यात आहे, आणि चंपूला जोडून त्याने संस्कृतबरोबर अनेक देशभाषांतील रचना दिल्या आहेत. बंगळूरच्या त्या दरबारात भाषा शेजारी-शेजारी उभ्या होत्या. ‘क्लासिकल’ आणि ‘व्हर्नाक्युलर’ अशी रोमन विभागणी तेथे कोणाला माहीत नव्हती.

७

अभिजात दर्जाबरोबर अध्ययनकेंद्रे, पुरस्कार आणि विद्यापीठीय अध्यासने यांची तरतूद संकल्पिलेली आहे. त्यांतून कोणते काम व्हावे, हे काही अंशी आपण या विशेषणाचा कोणता अर्थ घेतो यावर अवलंबून राहील. जन्माचा अर्थ घेतला तर प्राचीनतेचे नवनवे दावे आणि त्यांचे समारंभ होतील. वयाच्या या स्पर्धेत शेजारची भाषा प्रतिस्पर्धी ठरते, आणि सीमाप्रश्नाची पार्श्वभूमी असलेल्या मराठी व कन्नड या दोन भाषांच्या बाबतीत ते अधिकच हानिकारक होईल. साक्षीचा अर्थ घेतला तर शेजारच्या भाषेचे शिलालेख, व्याकरणे आणि कथाग्रंथ हे आपल्याच भाषेचे पुरावे ठरतात, आणि मराठीच्या अभ्यासकाला कन्नड शिकणे अपरिहार्य होते.

अशा कामाचा पाया घातला गेलेला आहे. तुळपुळे यांचा ‘प्राचीन मराठी कोरीव लेख’ हा संग्रह १९६३ चा आहे. तुळपुळे आणि अ‍ॅन फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोश १९९९ साली प्रसिद्ध झाला. ‘गाथासप्तशती’ची स. आ. जोगळेकर यांनी सिद्ध केलेली मराठी आवृत्ती १९५६ पासून उपलब्ध आहे. महानुभावांच्या रिद्धपूर येथे आता मराठी भाषेचे स्वतंत्र विद्यापीठही उभे राहिले आहे. कोरीव लेखांचे कन्नड, तमिळ व तेलुगू लेखांच्या सान्निध्यात पुनर्वाचन, जुन्या मराठीतील द्राविडी शब्दांची काळानुसार नोंद, महानुभाव पोथ्यांच्या चिकित्सक आवृत्त्या आणि पदव्युत्तर वर्गांत जुनी मराठी वाचण्याचे नियमित शिक्षण ही कामे पुढे उभी आहेत. त्यांतील शेवटचे सर्वांत निकडीचे आहे. जी भाषा अभिजात म्हणून गौरविली गेली, तिच्या तेराव्या शतकातील गद्याचे एक पान तिच्याच पदवीधराला कोशाविना आणि मार्गदर्शकाविना वाचता येत नसेल, तर साक्षीदार उपस्थित असूनही त्याची भाषा न समजल्याने साक्ष नोंदविता येत नाही, अशी आपली स्थिती होईल.

‘अभिजात’ हा शब्द आता बदलणार नाही आणि बदलण्याची गरजही नाही. रूढी ही भाषेत शास्त्राहून बलवत्तर असते. परंतु त्याचा अर्थ घडविणे अजून आपल्या हाती आहे. कुंतकाने आभिजात्य रचनेत पाहिले, फ्रोंतोने ‘क्लासिकुस’ लेखकाकडून शब्दाचा दाखला मागितला. दोघांच्याही दृष्टीने पुरावा संहितेतच होता. मराठीचे आभिजात्य सिद्ध करावयाचे असेल तर तेही तिच्या संहितांच्या वाचनातूनच करावे लागेल, आणि त्यांपैकी काही संहिता श्रवणबेळगोळच्या त्या ओळींप्रमाणे कन्नड आणि तमिळ यांच्या शेजारी बसूनच वाचाव्या लागतील.